तुम्ही विचारलेत म्हणून : इंटरनेट कोणाकडून घ्यावे?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी अभ्यासिका चालवतो. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले येतात, ई-पीक पाहणी अडलेले शेतकरी येतात, आणि सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ अॅपवरची नोंदणी लागू लागल्यापासून त्यासाठीही लोक येतात. या सगळ्यांकडून मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : “सर, घरी नेट घ्यायचे आहे, कोणाचे घ्यावे?” पूर्वी तो केवळ वेगापुरता असे. हल्ली कॉलेजात शिकणाऱ्या मुली त्यात आणखी काही विचारतात. आपला पैसा कोणाला पोसतो, आपली माहिती कोणाच्या हाती जाते आणि आपल्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

निष्कलंक कंपनी शोधत बसू नये. ती सापडणार नाही. जिला जाब विचारता येईल आणि जिला सोडून जाण्याची वाट आपल्याकडे शिल्लक राहील, अशा कंपनीकडून सेवा घ्यावी, आणि आपल्या गावात तिच्याशिवाय आणखी कोणीतरी टिकून राहील याची काळजी घ्यावी. माझा सगळा विचार या दोन गोष्टींभोवती फिरतो.

सोडून जाण्याची वाट मोबाईलच्या बाबतीत कायद्याने दिलेली आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. आता बँक, आधार, पीएम-किसान आणि गॅसचे अनुदान हे सारे त्या क्रमांकाला जोडलेले असल्यामुळे ही सोय चैनीची राहिलेली नाही. फायबरच्या तारेला मात्र अशी सोय नाही. म्हणूनच कनेक्शन देणारा ‘वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फुकट’ म्हणतो तेव्हा मी नको म्हणायला सांगतो. एक पावसाळा त्या तारेने कसा काढला हे पाहून झाल्याशिवाय, थोडे महाग पडले तरी, दर महिन्याला पैसे भरावेत.

फुकटाविषयी अधिक बोलायला हवे, कारण आपली निवड बहुतेक वेळा तिथेच हुकते. मृगाच्या तोंडावर एखाद्या कृषी केंद्रातून बियाणे उधारीवर उचलले की पुढे खत त्याचे, फवारणीचे औषध त्याचे आणि शेवटी कापसाचा भावही तोच ठरवतो, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. इंटरनेटमध्ये हाच व्यवहार 2015 साली आपल्या दारात आला होता. ठरावीक संकेतस्थळे फुकट आणि बाकी सगळ्यासाठी पैसे, अशी ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना फेसबुकने मांडली होती आणि ती गरिबांसाठी, खेड्यांसाठी आहे असे सांगितले जात होते. देशभरातील लाखो लोकांनी ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाला पत्रे पाठवली, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. आज अभ्यासिकेतला मुलगा जुन्या प्रश्नपत्रिकांचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्याचा डेटा यूट्यूबइतक्याच दराने कापला जातो, याच्यामागे तो निर्णय आहे. त्या वेळी खेड्यांच्या नावाने जे मागितले जात होते ते खेड्यांनी मागितलेलेच नव्हते, याचा मला आजही राग आहे.

त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आली आणि काही महिने सगळेच मोफत झाले. त्याचा लाभ आपल्या गावांना झाला हे नाकारणे अन्यायाचे होईल. डेटा स्वस्त झाला म्हणूनच खेड्यातली मुले ऑनलाइन शिकवणीपर्यंत पोहोचली. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत काय घडले तेही पाहावे. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद झाली, एअरसेलचे दिवाळे निघाले, टेलिनॉर आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आपल्या भागात उरल्या तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी. जुलै 2024 च्या पहिल्याच आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि त्या वेळी दर न वाढवणारी कंपनी बीएसएनएल होती. ती नसती तर नाराज ग्राहकाला जायला जागाच उरली नसती.

म्हणून घरातल्या दोन सिमपैकी एक बीएसएनएलचे ठेवा असे मी सांगतो. माझ्या या सांगण्याला काही जण भाबडी देशभक्ती समजतात, पण त्या कंपनीच्या उणिवा मला ठाऊक आहेत. तिचे 4जी इतरांच्या कितीतरी मागाहून आले. 2020 च्या प्रारंभी सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले, तेव्हा तार दुरुस्त करणारी माणसेही त्यांत गेली. तरीही गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात, जिथे नफ्याची आशा नव्हती, तिथे सरकारी योजनेतून उभारलेले मनोरे याच कंपनीने चालवले. त्या योजनेचा पैसा कोठून येतो हेही सांगून टाकतो : प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या ठरावीक उत्पन्नातील 5 टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत जमा होते. त्या निधीला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. दारव्ह्याच्या बाजारात केलेल्या रिचार्जचा अंश अशा रीतीने एटापल्ली-भामरागडसारख्या भागांतल्या मनोऱ्यांकडे वळतो, आणि मला ही व्यवस्था न्याय्य वाटते.

आता जाब विचारण्याकडे वळतो. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की दूरसंचार सेवेबद्दलची तक्रार ग्राहक मंचाकडे नेता येते. त्यासाठी आपण ग्राहक आहोत याचा कागद मात्र हवा. गावोगाव एकाच्या नावावरचे कनेक्शन पाच-सात घरांना वाटून रोख पैसे घेण्याची पद्धत आहे. ती स्वस्त पडते, पण अशा घरापाशी पावती नसते, तक्रार क्रमांक नसतो, आणि त्या तारेवरून कोणी गैरकृत्य केले तर पोलीस कोणाच्या दारात येतील हेही सांगता येत नाही. आपल्या नावाचे बिल देणाऱ्याकडूनच जोडणी घ्यावी.

अंगठ्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. आठवडी बाजारात छत्री लावून बसणाऱ्यांकडून सिम घेताना ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दुसरे सिम चालू करून घेतल्याच्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या आहेत. आणि हा केवळ छोट्या विक्रेत्यांचा प्रश्न नाही. डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेलचा आणि तिच्या पेमेंट्स बँकेचा ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याचा, परवाना काही काळ रोखला होता, कारण सिमच्या पडताळणीच्या वेळी ग्राहकांना न कळवता त्यांची बँक खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान त्या खात्यांत वळले, असे आरोप होते. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांचेही पाहून द्यावे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन असेल तर डेटा नसलेला, फक्त बोलण्याचा आणि संदेशांचा रिचार्ज मागावा. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये तो देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, पण दुकानदार स्वतःहून क्वचितच सांगतो.

आणि ज्याचा विचार सर्वांत कमी होतो तो खांबावर चढणारा मुलगा. खेड्यातली फायबरची तार पुष्कळ ठिकाणी महावितरणच्या खांबांवरूनच नेलेली असते. रस्ता रुंद होताना किंवा वादळात ती तुटली की आपण अर्ध्या तासात फोनावर फोन करतो, आणि विशी-बाविशीतला एखादा पोरगा पट्ट्याशिवाय, रबरी हातमोज्यांशिवाय, विद्युत पुरवठा बंद केला आहे की नाही याची खात्री नसताना जॉइंट मारायला वर चढतो. त्याला महिन्याला पगार मिळतो की तुटलेल्या तारेमागे पैसे, त्याचा विमा आहे का, हे जोडणी घेण्यापूर्वी विचारायला मी प्रत्येकाला सांगतो. उत्तर नेहमी खरे मिळेलच असे नाही, पण गावातल्या दहा घरांनी तोच प्रश्न केला की केबलवाल्याला हातमोजे घ्यावे लागतात. आपल्या बाजूने एवढे पाळता येते की भिजलेल्या खांबावर रात्री कोणालाही चढवायचे नाही. नेट सकाळी आले तरी चालते.

अलीकडे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीविषयीही विचारणा होते, कारण नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने गडचिरोली आणि वाशीमसारख्या जिल्ह्यांसाठी त्या कंपनीशी इरादापत्र केले. जिथे तार जात नाही आणि मनोरा उभा राहत नाही तिथे उपग्रहावरून नेट आले तर त्याचे स्वागतच करावे. त्यांनाही मी हेच प्रश्न विचारीन : मराठीत तक्रार कोण ऐकणार, दर किती काळ बांधलेला राहणार, आणि ती जोडणी मिळाल्यानंतर त्या गावात मनोरा उभारण्याचे सरकारी काम चालू राहणार की थांबणार. शेवटच्या प्रश्नाचे लेखी उत्तर ग्रामसभेने ठराव करून मागावे, आणि तेही डिश छतावर बसण्यापूर्वी.