गर्दी जमली, पण अडलं कुणाचं?

आंदोलन म्हटलं की आपण आधी विचारतो, माणसं किती आली? गर्दी लागतेच, पण मला वाटतं त्या गर्दीमुळे कुणाचं काय अडलं हे जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बस बहिष्कार बघा, बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायचे त्याविरुद्धचा. ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झाला तेव्हा एकाच दिवसाचा ठरला होता, चालला ३८१ दिवस! बसचे बहुतेक प्रवासी कृष्णवर्णीयच होते, त्यांनी बसायचं सोडल्यावर कंपनीच्या कमाईला भोक पडलं. पण लोकांनी कामावर जायचं कसं? बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आणि नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची नावं सगळ्यांना माहितीयत, पण तिथल्याच कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रकं छापून काढली, लोकांनी आपापल्या गाड्या दिल्या, चढा-उतरायच्या जागा ठरवल्या, गाड्यांचा विमा रद्द व्हायला लागला तर थेट लंडनहून विमा मिळवला, बाकीचे मैलोन्‌मैल चालले, आणि हे सगळं रोज, वर्षभर. मला तर भाषणांपेक्षा ही व्यवस्था जास्त मोठी वाटते. बाजूला कोर्टात केस चालू होतीच, शेवटी बसमधला वर्णभेद सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गेला, पण तोपर्यंत लोक टिकले ते या गाड्यांवर आणि स्वतःच्या पायांवर.

मग १९६१-६२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात, वर्णभेदाविरुद्धच, तेच किंग, तीच शिस्त, शेकडो लोक तुरुंगात गेले आणि हाती फारसं काही लागलं नाही. तिथला पोलीसप्रमुख प्रिचेट हुशार, कॅमेऱ्यासमोर मारहाण नाही, शांतपणे अटक करायची आणि आजूबाजूच्या गावांतल्या तुरुंगांत पाठवायचं, म्हणजे स्वतःचा तुरुंग कधी भरतच नाही. शिवाय आंदोलकांनी शहरातला सगळाच वर्णभेद एकदम संपवायची मागणी केली, एका जागी जोर लावला नाही. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये किंग आणि त्यांच्या साथीदारांनी शहरातल्या दुकानांवर बहिष्कार टाकला, तोही ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत. लोक म्हणतात की पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले, म्हणून ते आंदोलन जिंकलं. त्याचा परिणाम झालाच, पण गल्ला बसला नसता तर व्यापारी बोलणी करायला आले असते असं मला नाही वाटत.

आणि जिथे समोर सैन्य उभं असतं तिथे सगळं त्या बंदूकवाल्यावर येतं. म्हणून आपल्यातल्या एकाने जरी दगड उचलला तरी माझा जीव वरखाली होतो, कारण गोळी झाडायला कचरणाऱ्या सैनिकाला आपणच कारण देतो. कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व जर्मनीच्या लाइपझिगमध्ये ९ ऑक्टोबर १९८९ ला सुमारे ७० हजार लोक हिंसा नको म्हणत चालले आणि बंदुका चालल्या नाहीत. बीजिंगमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात, विद्यार्थ्यांच्या लोकशाही आंदोलनाच्या वेळी, लोकांनी सैन्याच्या गाड्या अडवल्या, सैनिकांशी बोलले, त्यांना खाऊ-पिऊ घातलं आणि सैन्य माघारी फिरलं. चिनी सैन्याच्या ३८व्या आर्मीचे कमांडर शू छिनश्यान यांनी तर सैन्य घेऊन जायलाच नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकलं, आणि जूनमध्ये सैन्य परत आलं ते गोळ्या झाडतच.