हुडाखालची सोयरीक

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी काकांच्या गॅरेजमध्ये दोन स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाड्या, शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्हींचे हूड, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उतरवलेले होते, बाजूची पॅनेले काढून भिंतीशी टेकवली होती आणि दोन्हींच्या आसनांवर जुनी ब्लँकेटे पसरलेली होती, कारण काकांचे मांजर थंडीत तिथेच झोपते. (काकांनी कुत्रा न पाळता मांजर पाळावे हा योगायोग नव्हे, हे पुढे कळेलच.) एक गाडी काकांची, आर्क्टिक कॅट कंपनीची, हिरवी, दुसरी मामांची, यामाहाची, निळी. काकांची बोटे आताशा थंडीत वळत नाहीत, म्हणून त्यांच्या गाडीचा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा पट्टा, बदलण्यासाठी मला बोलावणे आले होते. मी एका गाडीपाशी गुडघे टेकले, क्लचवरचे झाकण सोडवले आणि जुन्या पट्ट्याला हात घातला, तेव्हा मागून मामांचा आवाज आला, "पोरा, ती माझी आहे आणि तिचा पट्टा उत्तम आहे."

मी मान वर करून दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिले. रंग सगळा भिंतीशी उभा होता आणि समोर उरले होते ते दोन जुळे सांगाडे: तेच तीन सिलिंडरांचे इंजिन, त्याच जागी टर्बो, त्याच वळणाने खाली उतरलेली नळी, आणि क्लचच्या आसपास पट्ट्याच्या झिजेची तीच काळी भुकटी. मी चुकलो यात माझा फारसा दोष नव्हता. परंतु गॅरेजमध्ये जी शांतता पसरली ती दोष देणारीच होती, कारण तीस वर्षे या घरात जा-ये असलेल्या माणसाने हिरव्या-निळ्याची गल्लत करावी, हे त्या दोघांनाही सारखेच लागले होते. तेवढ्यापुरते त्यांचे एकमत झाले, ही दुर्मीळ गोष्ट.

काका माझे काका नव्हेत. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात, राहायला आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि शेजारच्या घरातल्या उंच, लालसर चेहऱ्याच्या गृहस्थांना नावाने हाक मारणे आईला प्रशस्त वाटेना. तिने मला "काका" म्हणायला लावले; काही दिवसांत ते त्या हाकेला ओ देऊ लागले. त्यांच्या पत्नी काकू झाल्या, आणि काकूंचे भाऊ ओघानेच मामा झाले. हे मामा नात्याने काकांचे मेहुणे आणि मताने कायमचे विरोधक.

त्या पहिल्या हिवाळ्यात काकांनी मला गॅरेजच्या कोपऱ्यात नेऊन एक ताडपत्री बाजूला केली. खाली एक काळीभोर, बुटकी गाडी होती, आणि तिच्या आसनावर चित्त्याच्या कातड्यासारखे ठिपके होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती आर्क्टिक कॅट पँथर. काकांनी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन खोकून जागे झाले आणि सगळे गॅरेज टू-स्ट्रोकच्या निळसर धुराने भरून गेले. तो गोडसर, जळक्या तेलाचा वास आजही कुठे आला तर मी दहा वर्षांचा होतो आणि माझ्या हातांत मला तीन मापे मोठे असलेले हातमोजे येतात. काकांनी मला त्या ठिपक्यांवर बसवले आणि जगाची रचना समजावून सांगितली: पिवळे ते स्की-डू, निळे ते यामाहा, लाल दिसले की बहुधा पोलॅरिस, आणि आपण हिरवे. मी विचारले, "पण ही तर काळी आहे." काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आतून हिरवी आहे."

या उत्तराची किंमत मला त्या शनिवारी कळली. आतून कोण कोणत्या रंगाचे आहे हा प्रश्न या धंद्यात पहिल्यापासूनच अडचणीचा राहिला आहे. रोझो या मिनेसोटातल्या लहानशा गावात १९५६ साली ज्या कारखान्यातून पोलॅरिसची पहिली गाडी बाहेर पडली, त्याच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे एडगर हेटीन. बर्फावर चालणाऱ्या या यंत्राला लोक हसतात म्हणून त्याने १९६० साली अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटरचा प्रवास त्यावरून केला. परतल्यावर सहकाऱ्यांशी बिनसले आणि तो रोझो सोडून थीफ रिव्हर फॉल्सला गेला. तिथे त्याने जो कारखाना काढला तोच पुढे आर्क्टिक कॅट झाला. त्याचा भाऊ मागे रोझोतच, पोलॅरिसमध्ये, राहिला. थोडक्यात, ज्या दोन पक्षांचे लोक पेट्रोल पंपावर एकमेकांच्या गाड्यांकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात, ते दोन्ही पक्ष एकाच माणसाने स्थापन केलेले आहेत. ही गोष्ट मी काकांना एकदा मोठ्या उत्साहाने सांगितली. ती त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होती. "म्हणजे त्याला दुसऱ्या खेपेला अक्कल आली," एवढेच ते म्हणाले.

इंजिनांचे म्हणाल तर आर्क्टिक कॅटच्या हुडाखाली कित्येक वर्षे सुझुकीने घडवलेले इंजिन असे, पोलॅरिस जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजकडून इंजिने घेई, आणि कॅनडात, क्यूबेकमधल्या वालकूर गावच्या स्की-डूचे इंजिन ऑस्ट्रियातून रोटॅक्सकडून येते. या मुलखातला शेतकरी आपल्या गाडीला अस्सल मातीतली म्हणतो तेव्हा तिचे हृदय समुद्रापलीकडून आलेले असते. आणि तरीही कोणी बावचळलेला नव्हता, कारण इंजिनवाला आणि गाडीवाला हे दोघे एकाच बाजारात आमनेसामने उभे नव्हते. सुझुकीच्या नावाची टोपी घालून कोणी ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या वाटेवर, भांडायला येत नव्हता.

खरी पंचाईत झाली ती २०१४ च्या मॉडेलांपासून. यामाहाने आपले १,०४९ सीसीचे इंजिन आर्क्टिक कॅटला दिले आणि आर्क्टिक कॅटने आपली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, यामाहाला दिली. पुढे २०१७ च्या मॉडेलांपासून ९९८ सीसीचे टर्बो इंजिनही असेच दोन्ही घरांत नांदू लागले. यामाहाची साइडवाइंडर आणि आर्क्टिक कॅटची थंडरकॅट या एकाच छपराखाली, थीफ रिव्हर फॉल्सच्या कारखान्यात, जुळू लागल्या. क्लचची जुळणी, शॉक अॅब्सॉर्बरची निवड, चालकाच्या हाताला लागणाऱ्या काही बारीकसारीक गोष्टी आणि अर्थात रंग वेगळे. बाकी संसार एक. दोन वैरी घराण्यांत सोयरीक व्हावी आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ती पत्रिका छापून आल्यावर कळावी, तसे काका-मामांचे झाले.

मला वाटले होते की आता भांडण मिटेल. उलट त्याला धार आली. पूर्वी मामा अभिमानाने सांगत की २००३ च्या आरएक्स-१ पासून फोर-स्ट्रोक इंजिन कसे असते हे यामाहाने जगाला दाखवले, आणि काका सांगत की तुमची गाडी जड आहे, भुसभुशीत बर्फात बुडते. ही भांडणे वजनाची, वेगाची, पेट्रोलची होती. त्यात मोजण्यासारखे काही होते. गाड्या एक झाल्यावर मोजायला काही उरले नाही आणि प्रश्न थेट तत्त्वज्ञानात शिरला. मामांचे म्हणणे असे की इंजिन हाच जीव. देह कोणाचा का असेना, जीव आमचा आहे, तेव्हा काका गेली कित्येक वर्षे यामाहाच चालवत आहेत, त्यांना ते कबूल नाही इतकेच. काकांचे म्हणणे असे की बर्फावर धावते ती चेसिस, वळते ती स्की, धक्का खाते ते सस्पेन्शन. इंजिन फक्त ओरडते, तेव्हा मामा निळ्या कोटातले आर्क्टिक कॅटवाले आहेत. एका जेवणाच्या टेबलावर हा वाद दीड तास चालला आणि शेवटी काकूंनी विचारले की दोन्ही गाड्या सारख्याच असतील तर एक विकून टाकायला काय हरकत आहे. त्या वाक्यानंतर दोघेही बराच वेळ बटाटे वाढून घेत राहिले.

मी या प्रकरणात स्वतःला शहाणा समजत असे. माझ्याकडे काकांनीच स्वस्तात दिलेली एक जुनी टू-स्ट्रोक आर्क्टिक कॅट आहे, तिच्यावर माझे प्रेम माफक आहे आणि कंपन्यांचे हिशेब मला समजतात. परंतु तीन हिवाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी माझे इंजिन ऑइल संपले आणि जवळच्या दुकानात फक्त दुसऱ्या एका कंपनीच्या नावाचा कॅन शिल्लक होता. तेल ते तेल, असे म्हणून मी तो घेतला, घरी आलो, गॅरेजचे दार लावून घेतले, कचऱ्यातून आमच्या कंपनीचा रिकामा कॅन शोधून काढला, तो पुसला, आणि नरसाळे लावून ते परके तेल आधी त्या कॅनमध्ये ओतले. मग त्या कॅनमधून गाडीत. कोणी पाहत नव्हते. गाडीला डोळे नाहीत हे मला माहीत आहे. तरीही रिकामा झालेला परका कॅन मी पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून टाकला, हे इथे पहिल्यांदाच कबूल करतो. काकांना अजून सांगितलेले नाही.

ट्रेलवर बंद पडण्याचा एक प्रसंगही सांगायला हवा, पण कोणाची गाडी बंद पडली ते मी सांगणार नाही, कारण दोन्ही घरांत माझे जेवण आहे. अंधार पडत होता, पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या होत्या, सुटा पट्टा घरी राहिला होता, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाने मुकाट्याने दोर काढून ती गाडी ओढायला घेतली. गावाची दिवेलागण दिसू लागताच ओढल्या जाणाऱ्याने थांबण्याची खूण केली, दोर सोडला, आणि शेवटचे अर्धे किलोमीटर ती अडीचशे-तीनशे किलोची गाडी आम्ही तिघांनी ढकलत नेली, कारण दुसऱ्या रंगाच्या दोरीला बांधलेले कोणी पाहिले असते तर. ढकलण्यात सर्वांत जोर लावला तो ओढणाऱ्याने. त्यालाही ते पाहवत नसावे.

अशी माणसे पूर्वीही होती. क्यूबेकमधल्या मोटो-स्की या नारिंगी गाड्यांची कंपनी १९७१ साली बॉम्बार्डिएने, म्हणजे स्की-डूवाल्यांनी, विकत घेतली, आणि शेवटच्या वर्षांत तर नारिंगी गाडी म्हणजे रंग बदललेली पिवळीच होती. १९८५ च्या सुमारास ते नावही गेले. काकांचा एक मित्र अजून शपथेवर सांगतो की नारिंगी गाडी थंडीत लवकर चालू होत असे. त्याला कोणी समजावत नाही. मीही समजावत नाही; लवकर चालू होतही असेल.

पट्टा बदलता बदलता मी काकांच्या भिंतीवरच्या जुन्या जाकिटाकडे पाहत होतो. ते त्यांनी १९८१ साली घेतले, त्याच वर्षी आर्क्टिक कॅटचा कारखाना दिवाळखोरीत गेला. १९८३ चे मॉडेल निघालेच नाही. ज्या कंपनीची गाडी बाजारात नाही तिचे जाकीट काकांनी तो सगळा काळ घातले आणि लोकांची थट्टा ऐकून घेतली. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि १९८४ ची मॉडेले आली तेव्हा, काकू सांगतात, ते दुकानात जाऊन नुसते गाडीच्या हुडावर हात ठेवून उभे राहिले.

या वेळी पाळी मामांची आहे. १९६८ पासून स्नोमोबाइल बनवणाऱ्या यामाहाने २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केले की हा धंदा आता बंद. उत्तर अमेरिकेसाठी २०२५ ची मॉडेले शेवटची. पाठोपाठ थीफ रिव्हर फॉल्सचा कारखानाही थांबवण्याची घोषणा झाली, आणि २०२५ च्या वसंतात त्याला नवे मालक मिळाले. हिरव्याला पुन्हा एकदा जीव मिळाला. निळ्याला नाही. वसंतात, बर्फ वितळत असताना पुढच्या हिवाळ्याची गाडी रंगासकट नोंदवून ठेवण्याची इथे रीत आहे. मामा त्या दिवसांत दरवर्षी वहीत आकडे मांडत बसत. त्या वर्षी ते बसले नाहीत. काकांनी त्यांना हिरवी घेण्याबद्दल एक अक्षरही सुचवले नाही. थट्टासुद्धा केली नाही, आणि मामांना बहुधा तेच सर्वांत जास्त लागले.

चार वाजता पट्टा बसला, पॅनेले चढली, मांजर हुसकावून ब्लँकेटे उचलली, आणि पाहता पाहता एक गाडी हिरवी आणि एक निळी झाली. उजेड होता तोवर एक फेरी मारू, असे काका म्हणाले. समोरून कोणी आले तर आपल्यामागे आणखी किती जण आहेत ते बोटांनी दाखवायचे, आणि शेवटच्या माणसाने मूठ वळून दाखवायची, ही ट्रेलवरची खूण काकांनीच मला त्या पहिल्या हिवाळ्यात शिकवली होती; तेव्हा हातमोज्यात माझे बोट दिसत नसे म्हणून मी सगळा हात हलवत असे. त्या दिवशी काका पुढे होते, मी मध्ये, मामा मागे. पाइनच्या झाडांमधल्या वळणावर पाच-सहा पिवळ्या गाड्या समोरून आल्या. काकांनी दोन बोटे वर केली. मी एक केले. वळण तीव्र होते म्हणून मागचे दिसत होते: मामांनी डावा हात हँडलवरून उचलला, मूठ वळली, आणि समोरची शेवटची गाडी निघून गेल्यावरही ती काही वेळ तशीच वर धरली.