गुण्या, टेप आणि पाबळचं एक वर्ष

दहावीत गणित राहिलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याने पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव काढलं. शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली तिथे हे काम उभं केलं. हाताने काम करत शिकायचं, हा तिथला पाया. अभ्यासक्रमाला सगळे डीबीआरटी म्हणतात, म्हणजे डिप्लोमा इन बेसिक रुरल टेक्नॉलॉजी. एक वर्ष, तिथेच राहायचं. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य असे चार विभाग, सगळे सगळ्यांना.

माझा जीव वर्कशॉपमध्ये रमला. पहिला आठवडा वेल्डिंगचा रॉड नुसता चिकटत होता. हात बसला, आणि लगेच खरं काम आलं: गावातल्या एका काकांना मळ्यासाठी चार बाय तीन फुटांचं फाटक हवं होतं. त्याचे ते पैसे देणार होते, म्हणून माझी छाती धडधडत होती.

अँगल कापले, जुळवले आणि एकेक कोपरा पूर्ण वेल्ड करत गेले. वेल्डवर जमलेली कडक खपली, म्हणजे स्लॅग, झाडली, कडा घासल्या. दिसायला झकास! आम्हाला शिकवणाऱ्या दादांनी फाटकाकडे पाहिलं आणि माझ्या हातात टेप दिली. "कर्ण मोज. दोन्ही."

एक भरला पाच फूट अर्धा इंच. दुसरा पाच फुटांना अर्धा इंच कमी.

"किती हवा होता?"

मी गप्प. दादांनी खडूने जमिनीवर चार आणि तीनच्या बाजू ओढल्या आणि बाजूला झाले. सोळा आणि नऊ पंचवीस, पंचवीसचं वर्गमूळ पाच, हे मी शाळेत शंभरदा लिहिलं होतं. ते फाटकाबद्दल आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दादा काही बोलले नाहीत, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मग कारण शोधलं. वेल्ड थंड होताना लोखंड खेचून घेतं. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, कर्ण जुळवायचे, आणि मग आलटूनपालटून समोरासमोरचे कोपरे भरायचे. ग्राइंडरने सगळे जोड कापले आणि पुन्हा सुरुवात केली. दीड दिवस गेला. वाया गेलेले रॉड, ग्राइंडरची चकती, माझे तास, सगळं खर्चाच्या वहीत लिहायला लावलं. काकांच्या बिलात मात्र त्यातला एक रुपयाही धरला नाही. त्या वहीचा मला सुरुवातीला राग यायचा. आज कामाचा भाव सांगताना तीच डोळ्यांसमोर असते.

तुमच्या घरात असं नापास झालेलं पोर असेल तर त्याला ओरडण्याआधी एकदा एखाद्या वर्कशॉपमध्ये उभं करा. सोबत दादांसारखं, उत्तर माहीत असूनही थांबणारं माणूस मात्र हवं. मशीनपेक्षा मला त्यांचा उपयोग जास्त झाला.

फाटक बसवायला आम्ही दोघं गेलो. काकांनी चार-पाच वेळा उघडलं, लावलं. मग म्हणाले, "पोरी, गोठ्याला पण एक कर. पाच बाय चारचं." कर्ण सरळ आकड्यात येईना. तिथेच बांधावर बसून वहीत मांडलं: पंचवीस आणि सोळा, एकेचाळीस. सहा फूट आणि पाच इंचांना थोडं कमी.

दादांनी वही बघायला मागितली नाही.