जुनं कार्ड कुठं कुठं सेव्ह होतं, ते शोधताना

क्रेडिट कार्डाची मुदत संपत आली की नवं कार्ड कुरियरनं येतं, जुनं आपण कात्रीनं कापतो आणि विषय मिटला असं धरून चालतो. यंदा मी ठरवलं की जुनं कार्ड जिथं जिथं सेव्ह आहे तिथून आधी काढायचं, मगच नव्याला हात लावायचा. याला निमित्त आमचे बाबा. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, हिशेबाच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवणार नाही. किराण्याच्या ॲपमध्ये माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले तसे म्हणाले, "बाकीचे बारा पण त्यांच्याकडंच असतील ना रे?"

नसतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे वगैरे, यांच्याशिवाय कुणालाही कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. व्यवहार ओळखण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव दुकानाकडं राहू शकतं. नंबरच्या जागी टोकन, म्हणजे बदली कोड, असतं. मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला शेजारच्या स्टँडवर चालत नाही, तसं एका दुकानाचं टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. हे बाबांना पटलं. पण पुढचा प्रश्न त्यांनी बरोबर जागी टाकला: "मग बिल्ले वाटलेत किती आणि कुणाला?"

ते मला सांगता येईना. फोनमधून ॲप काढलं म्हणजे टोकन जात नाही. ते फोनात नसतंच, दुकानाकडं असतं. एका कपड्यांच्या ॲपमध्ये कार्ड काढायची सोयच सापडली नाही. चॅटवर विचारलं तर "आपल्या बँकेशी संपर्क साधा." गंगापूर रोडच्या शाखेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "हे क्रेडिट कार्डवाल्यांचं, आमच्याकडं नाही. आणि सेव्ह तुम्ही ॲपमध्ये केलंय ना, त्यांनाच विचारा." सरकारी कामासारखा खो-खो. शेवटी कार्डाच्या हेल्पलाइनवर बोललो आणि सरळ रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाचा हवाला दिला. कार्ड कोणकोणत्या दुकानांत टोकन करून ठेवलंय याची यादी पाहायची आणि त्यातलं हवं ते रद्द करायची सोय कार्ड देणाऱ्या बँकेनं द्यायची असते, हे त्यात स्पष्ट आहे. पलीकडच्या ताईंनी थोडा वेळ होल्डवर ठेवलं, मग नेट बँकिंगमधला रस्ता सांगितला. कार्ड सर्व्हिसेसच्या आत, पार तळाशी. एरवी कुणी तिथवर जाणार नाही.

यादी उघडली आणि मी बघतच राहिलो. प्रत्येक ओळीत दुकानाचं नाव, कार्डाचे शेवटचे आकडे आणि शेजारी रद्द करायचं बटण. गंमत अशी की दुकानांची नावं ओळखीची नव्हतीच. आपण ॲपला ज्या नावानं ओळखतो ते वेगळं, आणि इथं अमुक टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड, तमुक रिटेल. मग जुनी स्टेटमेंटं काढून एकेक नाव जुळवत बसलो. एक निघालं कॉलेज रोडवरून एकदा पिझ्झा मागवला त्याचं, एक बसच्या तिकिटाचं, एक लेकीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचं. जे जुळेना ते सरळ उडवलं. पुन्हा लागलं तर पुन्हा जोडता येतं. टोकन करायला ग्राहकाला पैसे पडत नाहीत, फक्त आपली संमती आणि ओटीपी लागतो.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बहुतेकांचा घोळ इथंच होतो. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी, म्हणजे ई-मँडेट, याची यादी वेगळी असते. माझ्या बँकेनं त्यासाठी भलत्याच पानावर नेलं, तिथं पुन्हा ओटीपी. लेकीनं कधीकाळी वापरलेलं चित्रं काढायचं एक ॲप तिथं अजून जिवंत होतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती येतही होती, पण बँकेच्या मेसेजांच्या गर्दीत कोण वाचतो? १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळं गुपचूप चाललेलं. मँडेट बँकेकडूनच रद्द केलं, ॲपवाल्यांच्या "तुम्ही आम्हाला का सोडताय?" या प्रश्नावलीत शिरलोच नाही.

परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी मागतच नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण बंद करून टाकलं. लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं चालू करायचं.

एवढं करून बाबांना दाखवलं तर त्यांना वाटलं, आता त्या कपड्यांच्या दुकानाला आपण माहीतच नाही. तसं मुळीच नाही. कार्ड गेलं, पण काय घेतलं, कोणत्या मापाचं, कोणत्या पत्त्यावर, हे सगळं त्यांच्याकडं आहेच. मी खातं बंद करायला मेल टाकला. उत्तर आलं की खातं बंद करू, पण बिलांच्या नोंदी ठेवाव्या लागतील. त्यात तथ्य आहे. जीएसटी कायद्यानुसार त्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. जाहिरातींसाठीचा वापर मात्र बंद करा असं मी वेगळं लिहून मागितलं, आणि मेसेज थांबले. माझ्या मते टोकनाच्या नियमानं चोरीची भीती कमी झाली, आपल्यावरची पाळत मात्र कमी झाली नाही.

आणि खरी भोकं घरातच निघाली. व्हॉट्सॲपवर "कार्ड" शोधलं तर मेहुण्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेले त्यांच्या कार्डाचे दोन फोटो, पुढून आणि मागून, सीव्हीव्हीसकट. लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स भरायचा होता म्हणे. रिझर्व्ह बँक दुकानदाराला सीव्हीव्ही ठेवू देत नाही आणि आमच्याकडं तो मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांच्या गॅलरीत! भाऊजींना फोन केला, तर हसले. मग म्हणाले, "थांब, ते कार्डच बदलून घेतो."

नवं कार्ड आल्यावर जुन्या दुकानांशी ते जोडायचं का, हे बँकेनं विचारायचं असतं, आपोआप जोडायचं नसतं. मला विचारलं गेलं तेव्हा दोनच ठिकाणी हो म्हटलं, किराणा आणि रेल्वेचं तिकीट. बाबांना तेही नको होतं. पण दर वेळी १६ आकडे टाइप करण्यापेक्षा, तेही कुठल्या खोट्या पानावर टाइप होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा, ओळखीच्या दुकानातलं टोकन मला बरं वाटतं. बाकी सगळीकडं "कार्ड सेव्ह करा" या चौकटीतली खूण काढायची. काही ठिकाणी ती आधीच करून ठेवलेली असते, आणि पैसे भरायच्या घाईत दिसतसुद्धा नाही.