साग नाही, फणस: आमच्या किचनच्या कपाटांची गोष्ट

कुडाळच्या घराचं किचन नवीन केलं त्याला तीन पावसाळे झाले, आणि अजून घरी कोणी आलं की कपाटावरून हात फिरवून विचारतंच, साग ना? नाही हो, फणस. मग पुढचे प्रश्न सुरू होतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढूया.

आधी सागच ठरला होता. आपल्याकडे लाकूड म्हटलं की दुसरं नाव कोणी घेतच नाही. वखारीत गेलो तर बर्मा साग म्हणून फळ्या दाखवल्या. आता म्यानमारने 2014 च्या एप्रिलपासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय हे मी वाचलं होतं, म्हणून विचारलं की मग हा ओंडका आला कुठून, तर धड उत्तर मिळेना. फळीचं टोक बघितलं तर मधे तपकिरी गाभा आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं पांढरट लाकूड. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो ना, ते फक्त गाभ्याबद्दल खरं आहे, तो पांढरा भाग सागाचा असला तरी वाळवी पण खाते आणि भुंगा पण. आणि पॉलिश मारलं की सगळं एकसारखं दिसतं, त्यामुळे तुम्ही साग घेणार असाल तर फळी कोरी असतानाच बघा आणि टोकाकडून बघा, प्लीज. चंद्रपूर-बल्लारशाकडचा जुना, भरीव गाभ्याचा साग मिळाला तर त्यासारखं लाकूड नाही हे मी पण मानते, पण अख्ख्या किचनला तो आम्हाला परवडणारा नव्हता.

आंबा स्वस्त पडला असता, पण आमचा जुना माळा आंब्याच्या फळ्यांचा होता आणि भुंग्याने पोखरल्यामुळे त्यातून पापडाच्या डब्यांवर रोज मैद्यासारखी पूड पडायची. ते बघितल्यावर आंबा नकोच.

आणि फणस तर घरातच होता. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात परसातला फणस मुळासकट आडवा झाला, सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. सगळे म्हणाले जळणाला काढा. आमच्या सुतारकाकांनी मात्र बुंधा बघितला आणि म्हणाले हात लावू नका, तुमच्या माजघराचे खांब कसले आहेत बघा आधी. खांब फणसाचेच, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचे, अजून वाळवी शिवलेली नाही. (उभं झाड तोडणार असाल तर आधी वनखात्यात विचारा, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ सगळे आहेत, स्वतःच्या परसातला असला तरी.)

मिलवर एक इंची फळ्या काढल्या, टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला म्हणजे टोकाकडून चिरत नाही, आणि पडवीत मधे पट्ट्या घालून रचल्या, हवा खेळायला. लाकूड वाळलं की नाही ते कळावं म्हणून मी एका फळीवर खूण करून दर महिन्याला ती वजनकाट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्यांदा 11 किलो 400 ग्रॅम भरली, पुढच्या उन्हाळ्यात 8 च्या खाली आली, जुलैत परत पाव किलो वाढली. 2023 च्या मार्चपर्यंत लागोपाठ दोन महिने आकडा हलला नाही तेव्हाच काकांनी रंधा हातात घेतला. ही दोन वर्षांची वाट कोणाला बघायची नसते आणि मग पहिल्याच पावसात शटर, म्हणजे कपाटाचं दार, अडकतं आणि नाव लाकडाचं खराब होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण सगळंच फणसाचं केलं नाही हं. आतले खोके मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे, त्यावरचा IS 710 हा मानकाचा शिक्का बघून घेतलेले, कारण सिंकखाली ओल राहणारच आणि तिथे भरीव लाकूड घालून मिरवण्यात अर्थ नाही. फणस फक्त शटरना आणि ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांना. शटरसुद्धा अखंड फळीचं नाही, चारी बाजूंनी चौकट आणि मधली फळी खाचेत नुसती सरकवलेली, चिकटवलेली नाही. मी विचारलं फेविकॉल का नाही लावला, तर काका म्हणाले, "वयनी, पावसात लाकूड फुगताच, तेका जागा देवक व्हयी." भर जुलैत बघितलं तर ती फळी खाचेत जराशी आत गेलेली असते आणि उन्हाळ्यात कडेला बिनपॉलिशची बारीक रेघ दिसते. शटर मात्र एकही अडकलेलं नाही.

रंगाचं आधी कोणी सांगितलं नव्हतं. नवीन असताना फणस एकदम हळदीसारखा पिवळा दिसतो, नणंद तर म्हणाली की हा रंग रोज कसा बघणार तू. मग उजेडाने तो हळूहळू गडद होत जातो. ओट्याखालच्या एका शटरवर वर्षभर नॅपकिन लटकत होता, काढला तर मागे लख्ख पिवळा चौकोन. दिवाळीपासून नॅपकिन दुसरीकडे लावलाय, आणि तो चौकोन पण आता बाजूच्या मधाच्या रंगात मिसळत चाललाय.