तो मथळा माझाच

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एक काका येतात. बँकेतून निवृत्त झालेले, आणि कात्रणांचे भारी शौकीन. ‘हवामान’ अशी चिठ्ठी चिकटवलेली फाइल घेऊन वर्षातून दोनतीनदा ते मला गाठतात आणि एक पिवळं पडलेलं कात्रण नाकासमोर धरतात. चार कॉलमी मथळा : ‘२०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नष्ट होणार’.

“ताई, हे तुमच्याच पेपरातलं ना? मग तापमानवाढीचं हे सगळं खरं कशावरून?”

हाच प्रश्न भाच्याने विचारून झालाय, दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात कापूस असताना विचारलाय. तुम्ही इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

मथळा माझाच. २००७ साल, रात्रपाळी. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या अहवालावरची बातमी वृत्तसंस्थेकडून आली होती. अहवालात म्हटलं होतं की हिमनद्या आटण्याचा वेग असाच राहिला तर २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. मी मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मुख्य उपसंपादक म्हणाले, “प्रश्न विचारायला वाचक आहेत, तुम्ही बातमी द्या.” पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. प्रश्नचिन्ह काढलं. ‘शक्यता’ तर चार कॉलमांत बसतच नव्हती.

पण ती बसवली असती तरी बातमी चूकच ठरली असती. ते साल समितीने घेतलं होतं निसर्ग-संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या २००५ च्या अहवालातून, आणि त्या संस्थेने १९९९ मधल्या एका विज्ञान साप्ताहिकातल्या लेखातून. मूळ मोजणी कुठेच नाही. त्याच परिच्छेदात हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाखांवरून एक लाख चौरस किलोमीटरवर येईल असंही होतं. हिमालयात मुळात एवढा बर्फाचा पसाराच नाही! तो आकडा एका रशियन शास्त्रज्ञाच्या १९९६ च्या लेखनात सापडतो, पण ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांसाठी, आणि तिथे साल आहे २३५०. डेस्कवर आयुष्य गेलेल्या बाईला अंकांची अशी अदलाबदल बघून घाम फुटतो.

२००९ च्या नोव्हेंबरात पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा अहवाल प्रसिद्ध केला. हिमनद्या काही विलक्षण वेगाने मागे हटत नाहीयेत, असं त्यात होतं. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला जादूटोण्याचं विज्ञान म्हणून झटकून टाकलं. माझ्या मते २०३५ पेक्षा त्या एका शेऱ्याने जास्त नुकसान केलं. रैनांचे सगळे निष्कर्ष इतर अभ्यासकांना मान्य नव्हते, पण उत्तर मोजमापाने द्यायचं होतं. दोन महिन्यांत, २० जानेवारी २०१० ला, समितीला २०३५ च्या त्या दाव्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. आमच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात गेली. काकांच्या फाइलीत ती नाही.

तापमानवाढ नाकारणाऱ्या अमेरिकेतल्या पुढाऱ्यांना मात्र पर्वणीच. २००९ च्या नोव्हेंबरातच इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल चोरून जाहीर केले गेले होते. पुढच्या चौकशांत आकड्यांची लबाडी आढळली नाही, माहिती देण्यातल्या टाळाटाळीवर मात्र ताशेरे बसले. पण तोवर थांबतो कोण? २०१० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला प्रचंड बर्फ पडला, तेव्हा ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ यांच्या कुटुंबाने बर्फाचं घर बांधून ‘अल गोर यांचं नवं घर’ अशी पाटी लावली. गोर म्हणजे तापमानवाढीबद्दल जगभर सांगत फिरणारे अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष. २०१५ मध्ये स्वतः इनहॉफ सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले आणि बाहेर थंडी आहे म्हणत त्यांनी तो फेकला. डिसेंबरात नाशकात शेकोटी पेटवून मे महिना खोटा आहे म्हणण्यातला प्रकार.

आता काकांचा प्रश्न. २०३५ ची चूक उकरून कोणी काढली? कॅनडाचे ग्रॅहम कॉगली आणि त्यांच्यासारखे हिमनदीतज्ज्ञ. ऑस्ट्रियाच्या गेओर्ग कासर यांनी तर अहवाल छापण्याआधीच सावध केलं होतं, ते कोणी ऐकलं नाही. ही सगळी माणसं हिमनद्या वितळताहेत असंच सांगणारी. शंका घ्यायची तर अशी, बर्फात बांबू रोवून. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून खरोखरच तेच चाललंय : भोक पाडून बांबू रोवायचा आणि पुढच्या खेपेला तो किती उघडा पडला ते मोजायचं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही तापमानाच्या नोंदींवर शंका होती. त्यांनी नोंदी नव्याने तपासल्या, कोळसा-तेलातल्या कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचेही पैसे त्यात होते. २०१२ मध्ये त्यांनी लिहून टाकलं, तापमान वाढतंय आणि कारण माणूसच आहे.

काकांची आणखी एक शंका असते, की गोऱ्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला आणि आता आमची चूल विझवायला निघालेत. इथे मी वाद घालत नाही. दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हे ठणकावून सांगितलं होतं, गरिबाच्या भातशेतीचा वायू आणि श्रीमंताच्या गाडीचा धूर एका मापात घालू नका म्हणून. पण हे भांडण बिल कोणी भरायचं याचं आहे. जेवण झालंच नाही असं त्यांनी कुठे म्हटलं नव्हतं.

परवा काका परत आले. “बरं, मग नक्की साल सांगा.”

एकच साल सांगता येत नाही म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. मग २०१९ च्या हिंदुकुश-हिमालय अहवालातलं सांगितलं : तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर तिथल्या एक तृतीयांश हिमनद्या जातील, आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश.

त्यांनी कात्रण उलटं केलं, खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

“हे मागे लिहून द्या. ‘तर’सकट. आणि खाली सही, तारीख.”