पिकअपच्या हौद्यात झोपायचं होतं, अडलो खिडकीपाशी

आधी एकच गोष्ट सांगते, कारण माझे तीन महिने तिच्यापायी गेले. पिकअपच्या हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे वरून बसणारं बंदिस्त छत, बनवायला टाकाल तेव्हा पावतीवर नुसतं ‘खिडकी’ लिहून घेऊ नका. ‘सरकती खिडकी, दोन्ही बाजूंना, जाळीसकट’ असं लिहून घ्या आणि खाली सही घ्या.

आम्ही इंदूरचे. बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, गाडी काढायची आणि आवडेल तिथे मुक्काम करायचा. तंबू त्यांना जमत नाही. जमिनीवरून उठताना गुडघा साथ देत नाही. हौद्यातून मात्र पाय खाली सोडले की माणूस थेट उभाच राहतो. म्हणून जुनी इसुझु वी-क्रॉस घेतली. गाडी शोधणं, कागदपत्रं नावावर करणं, सगळं महिन्याभरात सुरळीत झालं.

हौदा साधारण पाच फूट लांब आणि तेवढाच रुंद. पण दोन्ही चाकांवरचे उंचवटे आत येतात, त्यामुळे तळाशी मधे जेमतेम साडेतीन फूट उरतात. बाबांची उंची पाच फूट नऊ इंच. सुतारकाकांनी दोन दिवसांत उपाय काढला. १८ मिलिमीटरच्या प्लायचे तीन तुकडे, त्या उंचवट्यांच्या पातळीवर टेकणारे, आणि शेवटच्या तुकड्याला फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या पडणाऱ्या झडपेवर, उभे राहणारे दोन पाय. फाळका आडवा पाडला की पावणेसात फूट लांबी मिळते. डोकं केबिनकडे आणि पाय फाळक्याकडे ठेवायचे, म्हणजे फाळक्यावर भार कमी येतो. फळीखाली पाण्याचे कॅन आणि भांडी छान बसतात. माझे तीन महिने खाल्ले ते कॅनॉपीने.

शहराबाहेर एक वर्कशॉप आहे, तिथे फायबरची कॅनॉपी बनवून देतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वीस हजार अॅडव्हान्स दिला. दिवाळीच्या आत देतो म्हणाले. वेल्डिंग नको, गाडीला भोकं नकोत, क्लॅम्पने आवळलेली आणि काढता येणारी हवी, असं मी बजावून सांगितलं होतं. कंपनीच्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे, आणि मला पुढे कटकट नको होती. विमा कंपनीलाही ईमेलने कळवून ठेवलं. क्लॅम्पचं मात्र वर्कशॉपवाल्यांनी नीट पाळलं, तेवढं श्रेय देते.

दिवाळी आली. फोन केला की “दीदी, परसों पक्का.” तुळशीचं लग्न झालं तरी परसों काही उजाडेना. शेवटी आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर तिथे जाऊन उभी राहायला लागले. कॅनॉपी मिळाली नोव्हेंबर संपता संपता. रंग सुरेख, रबरी बीडिंग घट्ट, दोन्ही बाजूंना काळ्या काचा. मी काचेला हात लावून सरकवायला गेले, तर काच हलेना. बंद काच होती, कायमची चिकटवलेली.

“ठंड में कौन खिड़की खोलता है दीदी? पीछे से हवा आती तो है.”

मी म्हटलं, मला सरकती हवी होती, मी तसं बोलले होते. त्यांनी पावती दाखवली. पावतीवर ‘विंडो, २ नग’ एवढंच. पाहून पोटात खड्डा पडला. तरीही पैसे देऊन गाडी घरी आणली, कारण बाबा दारात उभे राहून वाट बघत होते. तेव्हाच अडून बसायला हवं होतं. उरलेले पैसे हातात असताना जे काम होतं, ते दिल्यावर होत नाही.

पहिली रात्र डिसेंबरात, चोरलच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतात. आकाश निरभ्र होतं. बाबा ‘शब-ए-मालवा’, माळव्याची रात्र, म्हणत गादीवर आडवे झाले. थंडी होती म्हणून मी मागे फाळक्याभोवती ताडपत्री गच्च बांधली. रात्री दीडच्या सुमारास कपाळावर थेंब पडला. वाटलं पाऊस आला. टॉर्च लावून पाहिलं, तर छताला आतून मोत्यांसारखे थेंब लगडले होते. क्लॅम्पच्या बोल्टच्या डोक्यावर एकेक थेंब फुगत जायचा, थरथरायचा आणि टपकन बाबांच्या उशीवर पडायचा. बाबा जागेच होते, मला उठवायचं नाही म्हणून गप्प पडून होते. मी पंच्याने छत पुसलं. तासाभरात पुन्हा तेच. पहाटे उशी आणि गोधडीची कड ओली चिंब झाली होती.

यात बिघाड कसलाच नव्हता. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. आम्ही दोघं होतो. आणि निरभ्र रात्री छत आकाशाकडे उष्णता सोडत राहतं, बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. आतली दमट हवा त्याला लागली की पाणी धरतंच. एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, हाच त्यावर इलाज. त्यासाठी डोक्याशी दोन्हीकडे बोटभर उघडणारी खिडकी हवी. मी सुरुवातीपासून मागत होते ती याच कारणासाठी.

सोमवारी सकाळी ओली उशी पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये गेले. टेबलावर ठेवली आणि हात लावून बघा म्हटलं. मालकांनी हात लावला. मग त्यांनी मार्ग सुचवला, “अंदर छोटी सिगड़ी रख लेना, सब सूख जाएगा.”

तेव्हा माझा आवाज चढला, आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. बंद हौद्यात पेटती शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच घातक, एग्झॉस्टचा धूर आत शिरतो. दहा माणसांना कॅनॉपी विकणाऱ्याने असा सल्ला देऊ नये, हे मी तिथे सगळ्यांसमोर बोलले. वेल्डिंग करणारा मुलगा मशीन थांबवून ऐकत होता.

त्यानंतर काच बदलून द्यायला तयार झाले, पण सरकत्या काचेचं चॅनल बाहेरून मागवावं लागेल म्हणाले. नाताळ गेला. नवीन वर्ष उजाडलं. एकदा गेले तर चॅनल आलं होतं पण अर्धा इंच लहान. एकदा कारागीर गावाला. एकदा दुकानच बंद, आणि मी लसूडियाच्या ट्रॅफिकमधून तासभर घासत आलेली. तिळगुळाची डबी घेऊन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा काम सुरू झालेलं दिसलं. त्या दिवशी मी निघालेच नाही. स्टूल घेऊन गाडीशेजारी बसले, चहा आला तो प्यायले, आणि दोन्ही काचा सरकतात हे स्वतः दहा दहा वेळा करून पाहिल्यावर संध्याकाळी उठले.

या वाट पाहण्यात एक चांगलं झालं. खालून येणाऱ्या थंडीचा विचार करायला वेळ मिळाला. पहिल्या रात्री पाठ गारठली होती. अंगाखाली कापूस दबतो, त्यातली हवा जाते, मग गादी कितीही जाड असली तरी ऊब राहत नाही. शिवाय हौद्याच्या पत्र्याखालून वारा मोकळा वाहतो. सियागंजातून फोमच्या दाट चटया आणल्या, त्या फळीवर, त्यावर गादी, आणि आजीची गोधडी वर पांघरायला. पैसे मोजून घ्यायचं असेल तर आधी खालचं घ्या, मग वरचं.

अजून एक आठवलं, हे खरं तर वर यायला हवं होतं. कॅनॉपीचं मागचं दार आतून उघडतं का ते बघा. आमचं फक्त बाहेरून उघडायचं. मी कडीला आतून ओढायची नायलॉनची दोरी बांधून घेतली. ते होईपर्यंत दार लावून झोपायचंच नाही, असं बाबांना शपथेवर सांगितलं होतं. आणि गाडी लावल्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवून उतार बघा. डोकं पायांपेक्षा किंचित वर हवं. हॅंडब्रेक, गिअर आणि चाकांना दगड, तिन्ही. गाडीची मागची उघडी बाजू वाऱ्याच्या तोंडावर नको.

दुसरी रात्र जानेवारीच्या शेवटी, त्याच शेतात. मागची ताडपत्री सैल सोडली, मच्छरदाणीचा पडदा आत लावला, डोक्याशी दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या. नाकाला थोडा गार वारा लागत होता, म्हणून बाबांनी कानटोपी घातली. मी दीड वाजता आपोआप जागी झाले. बाबा घोरत होते.

सकाळी त्यांनी उठल्या उठल्या काय केलं असेल, तर तळवा छतावरून फिरवला, अगदी बोल्टच्या डोक्यांवरून. मग तो कोरडा तळवा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “चहा टाक. फेब्रुवारीत महेश्वरला जाऊ.”